एकाच फांदीवरची दोन राखाडी लायकेन : खरंच दोन जाती म्हणायच्या का?

करवंदीची_जाळी

नमस्कार मंडळी. लायकेनवाले कोणी आहेत का इथे? म्हणजे आपलं मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं, त्यातले.

महाबळेश्वरला मित्राच्या घराशेजारी जांभळाची मोठी फांदी पावसात मोडून पडली होती. तिच्यावर पार्मोट्रेमा या वंशाच्या लायकेनचे दोन तुकडे अगदी शेजारी शेजारी होते. दोन्ही राखाडी, दोन्हींच्या पाळ्या रुंद आणि गोलसर, आणि कडेकडेने बारीक भुकटी, म्हणजे सोरेडिया. काही जातींना कडेला काळे केस असतात ना, ते दोघांनाही नाहीत. भिंगाखाली धरून बराच वेळ बघितलं तरी वरून मला काही फरक दिसेना. मग एका जाणकार बाईंनी फोनवर सांगितलं की वरची साल ब्लेडने जराशी खरवड, आतला पांढरा थर उघडा पडू दे आणि त्यावर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाक. टाकला. एकाचा पांढरा थर लालभडक झाला आणि बघता बघता रंग उडालाही. दुसरं ढिम्म.

त्यांच्या मते लाल झालं ते पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स आणि न झालेलं बहुतेक पार्मोट्रेमा प्रीसोरेडिओसम.

आता माझा प्रश्न असा की एकाच फांदीवर, एकाच उन्हापावसात वाढलेली, दिसायला सारखी, आणि केवळ एका थेंबावरून आपण त्यांना दोन नावं द्यायची? माणसांत रक्तगट वेगवेगळे असतात म्हणून आपण कोणाला वेगळी जात म्हणत नाही. मग इथेच का? मला तरी एवढा फरक पुरेसा वाटत नाही. पण ज्यांनी यात वर्षं घातली आहेत त्यांचं म्हणणं ऐकायचंय, म्हणून हा धागा.

एक_भटक्या

फोटो टाका की राव. आणि खालच्या बाजूचे पण.

सुगरण_सासवड

मला यातलं शास्त्र कळत नाही पण गोडा मसाला घरी करते, त्यामुळे दगडफुलाशी रोजचा संबंध. पाकिटावर शास्त्रीय नाव लिहिलेलं असतं पार्मोट्रेमा परलाटम. पण निवडायला बसलं की एकाच पाकिटात तीन-चार प्रकार निघतात. काही रुंद, वरून राखाडी आणि खालून काळीकुट्ट. काही अगदी अरुंद पट्ट्या, त्यांना दोन-दोन फाटे फुटलेले आणि कडेने लांब काळे केस. शिवाय सालीचे तुकडे, काड्या, वाळू हे आहेच. थोड्या तेलात परतलं की सगळ्यांचा वास एकच येतो बाई! मग हे सगळं एकच की वेगवेगळं?

घाटमाथा

@सुगरण_सासवड, वेगवेगळं. बाजारातलं दगडफूल हे मिश्रणच असतं. त्यातल्या अरुंद पट्ट्या म्हणजे बहुतेक एव्हर्निॲस्ट्रम, बरंचसं हिमालयातून उत्तराखंड, हिमाचलकडून येतं. रुंद पाळ्यांची ती पार्मोट्रेमा, आणि त्यातही एक जात नाही, अनेक. कधी कधी हेटेरोडर्मिया, उस्निया, रामालिना यांचेही तुकडे सापडतात. गोळा करणारा माणूस झाडावरून खरवडतो तेव्हा जात बघून खरवडत नाही. पाकिटावरचं नाव हे व्यापारातलं ठरून गेलेलं नाव आहे, आतल्या मालाची ती ओळख नव्हे.

@करवंदीची_जाळी, रक्तगटाचा मुद्दा चांगला आहे, पण त्यासाठी आधी हे सांगा की खालची बाजू बघितली का? लायकेन वरून बघून सोडून देणारे शंभरातले नव्वद. अर्धी ओळख पोटाखाली असते.

तर्कट

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. मी तर पुढे जाऊन म्हणेन की हे नावं वाढवायचं वेड आहे. वनस्पतिशास्त्रात दोन गट कायमचे, एक फोडणारे आणि एक जोडणारे. लायकेनमध्ये फोडणार्‍यांच्या हातात बाटल्या लागल्या, झालं. ज्याला जो रंग आला त्याला नवं नाव.

ठाण्याचा_बाळ्या

माझ्या मोबाईलमधल्या ॲपला विचारलं तर ते प्रत्येक राखाडी लायकेनला एकच नाव देतं. त्याच्या मते हा वाद मिटलेला आहे :)

हर्बेरियमवाली

मोठा प्रतिसाद आहे, सवडीने वाचा. मी पुण्यात हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेले नमुने जपून ठेवायच्या संग्रहाच्या, कामात बरीच वर्षं आहे आणि पार्मोट्रेमा हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण बराच गोंधळ तिथून सुरू होतो. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार हे आपण शाळेत शिकलो. पण लायकेनला जे शास्त्रीय नाव देतात ते त्यातल्या बुरशीचं. आतल्या शेवाळाचं नाव वेगळं, पार्मोट्रेमात ते सहसा ट्रेबॉक्सिया असतं. तेव्हा 'ही जात वेगळी का' म्हणजे 'ही बुरशी वेगळी का' असा प्रश्न आहे. आणि जी रसायनं आपण थेंब टाकून तपासतो ती बुरशीच तयार करते. त्यामुळे रसायन हे वरवरचं लक्षण नाही, ते त्या बुरशीच्या घडणीतून आलेलं आहे.

आता थेंबाबद्दल. ही पद्धत आजकालची नाही. विल्यम नायलँडर नावाच्या फिनलंडच्या माणसाने 1866 मध्ये पोटॅशचं द्रावण आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी लायकेनवर टाकून रंग बघायची पद्धत मांडली. आपण आज के टेस्ट आणि सी टेस्ट म्हणतो त्या याच. त्याच वर्षी त्याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन शहराच्या हवेमुळे कशी कमी होतायत तेही लिहिलं. आणि हाच नायलँडर, लायकेन म्हणजे दोन जीवांची जोडी हे मात्र शेवटपर्यंत मानायला तयार नव्हता! पुढे 1930 च्या दशकात जपानच्या असाहिनांनी तिसरी, म्हणजे पी टेस्ट आणली.

तुमच्या फांदीवरच्या दोघांचं बोलायचं तर ऑस्ट्रोसिनेन्सच्या आतल्या थरात लेकॅनोरिक आम्ल असतं, ते ब्लीचने लाल होतं. प्रीसोरेडिओसममध्ये ते नसतं, त्यात मेदाम्लं असतात, आणि त्यांना के, सी, पी काहीही लावा, रंग येत नाही. पण महत्त्वाचं पुढे आहे. फरक इथेच संपत असता तर मीही तुमच्या रक्तगटाला मान डोलावली असती. हे रसायन एकटं येत नाही, सोबत आणखी लक्षणं घेऊन येतं. ऑस्ट्रोसिनेन्सच्या पाळ्या सहसा जास्त रुंद आणि पातळ, खालून मध्यभाग काळा आणि कडेला रुंद मोकळा पट्टा, त्यात बर्‍याचदा पांढरट डाग. प्रीसोरेडिओसमच्या पाळ्या लहान, थॅलस (म्हणजे लायकेनचं सगळं अंग) खोडाला जास्त धरून, सोरेडिया कडेला ओळीत किंवा कोरीसारख्या वाकड्या पट्ट्यांत, आणि खालची कड तपकिरी. शेकडो नमुने बघताना रसायन आणि ही लक्षणं बरोबरच बदलतात असं दिसतं, तेव्हा दोन जाती म्हणण्याला बळ येतं. एकटं रसायन म्हणजे फक्त सूचना, की बाबा पुन्हा नीट बघ.

म्हणून माझी विनंती, ते दोन तुकडे उलटे करा आणि कडेला काय दिसतं ते सांगा.

एक_भटक्या

दंडवत ताई. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

तर्कट

हर्बेरियमवाली, मान्य की तुम्ही लक्षणांची जोडी दाखवलीत. पण सगळीकडे अशी जोडी असते का? मी वाचलंय की क्लॅडोनिया नावाच्या लायकेनमध्ये दिसायला अजिबात फरक नाही, फक्त आतलं रसायन वेगळं, तरी वेगवेगळी नावं आहेत. तिथे काय म्हणाल?

हर्बेरियमवाली

तिथे मी तुमच्याच बाजूची. क्लॅडोनिया क्लोरोफियाच्या गटात तसंच झालं होतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या कल्बरसन पतिपत्नींनी आणि त्यांच्या सहकार्‍यांनी 1988 मध्ये यावर सुरेख काम छापलं. त्यांनी एकेका लायकेनचे बीजाणू वेगळे वाढवले आणि संततीत कोणतं रसायन येतं ते तपासलं. काही ठिकाणी एका रसायनाच्या आईपासून दुसर्‍या रसायनाची पिल्लंही निघाली. म्हणजे ते आपसांत संकर करत होते. तिथे रक्तगटाचा दाखला लागू पडतो. पण म्हणून तो पार्मोट्रेमाच्या प्रत्येक जोडीला लागू पडत नाही. प्रत्येक जोडीचा न्याय वेगळा करावा लागतो, यात शॉर्टकट नाही.

मिसूला_मराठी

मी अमेरिकेत माँटाना राज्यात राहतो. तर्कटरावांच्या मुद्द्याला धरून इथलीच गोष्ट सांगतो, आमच्या गावातल्या विद्यापीठात तिच्यावर काम झालंय म्हणून जरा अभिमानाने.

इथे पाईनच्या झाडांवरून केसांसारखं लोंबणारं ब्रायोरिया नावाचं लायकेन असतं. त्यातलं ब्रायोरिया फ्रेमोंटी हे तपकिरी, इथले मूळ रहिवासी ते जमिनीत खड्डा करून भाजून खात आलेत. दुसरं ब्रायोरिया टॉर्टुओसा, ते पिवळसर, कारण त्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर, आणि ते विषारी. म्हणजे दोघांतला फरक ओळखणं हे जेवणाशी निगडित! पण डीएनए बघितला तर दोघांतली मुख्य बुरशीही सारखी निघाली आणि शेवाळही सारखं. मग पिवळेपणा आला कुठून?

2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकार्‍यांनी 'सायन्स'मध्ये छापलं की या लायकेनच्या सालीत एक तिसरा सोबती आहे, वेगळ्याच गटातली यीस्टसारखी बुरशी, आणि पिवळ्या टॉर्टुओसात ती जास्त आहे. शाळेतला दोघांचा संसार एकदम तिघांचा झाला. नंतर इतरांनी शेकडो लायकेन तपासली तेव्हा ही यीस्ट फारच थोड्यांत सापडली, त्यामुळे सगळ्याच लायकेनना तिसरा सोबती असतो असं म्हणता येत नाही. पण मुद्दा हा की इथे रसायन वेगळं, रंग वेगळा, एक खायचं एक नाही, आणि तरी बुरशीच्या हिशोबाने जात एकच.

सुगरण_सासवड

अगंबाई! विषारी पण असतात? मग आमच्या मसाल्याचं काय?

मिसूला_मराठी

@सुगरण_सासवड, घाबरू नका. ते पिवळं लायकेन इकडच्या जंगलातलं, दगडफुलाचं नातलग असलं तरी तुमच्या पाकिटात येत नाही. दगडफूल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चिमूटभर वापरतात. एवढंच करा, शहरात रस्त्याकडेच्या झाडावरून स्वतः खरवडून मसाल्यात घालू नका. लायकेनला मुळं नसतात, ते सगळं हवेतून आणि पावसाच्या पाण्यातून घेतं, त्यामुळे धूर आणि जड धातू त्यात साठून राहतात.

मालवणी_माणूस

आमच्या शागोतीच्या वाटपात दगडफूल नसला तर चव येणा नाय. बाकी तुमचा लाल-पांढरा चलांदे. ह्यो धागो वाचतंय आणि भूक लागता.

पांढरपेशा_केमिस्ट

ब्लीचवाल्यांसाठी थोडं कामाचं, कारण अर्धवट टेस्टमुळे चुकीची नावं पडताना मी बघितली आहेत.

कपड्यांचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. लेकॅनोरिक आम्लाच्या रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट एक जागा सोडून मोकळे असतात, अशी मांडणी असली की हायपोक्लोराइटने लाल रंग येतो. हा रंग क्षणभरच टिकतो कारण जास्तीचं ब्लीच तोच रंग खाऊन टाकतं. म्हणून थेंब टाकतानाच नजर तिथे हवी, थेंब अगदी लहान हवा, काडेपेटीच्या काडीच्या टोकाने लावलेला पुरतो.

ब्लीच जुनं झालं की त्यातला क्लोरिन उडतो आणि मग काहीच लाल होत नाही. त्यामुळे 'लाल झालं नाही' हे उत्तर धरण्याआधी ते ब्लीच एखाद्या खात्रीच्या लाल होणार्‍या जातीवर लावून बघायचं. आपल्याकडे यासाठी सगळ्यात सोयीचं पार्मोट्रेमा टिंक्टोरम, सह्याद्रीत भरपूर आहे. रंगीत कपड्यांसाठी म्हणून जे ब्लीच मिळतं ते पेरॉक्साइडचं असतं, ते इथे निरुपयोगी. आणि थेंब वरच्या सालीवर नाही, आतल्या पांढर्‍या थरावर. ओल्या लायकेनवर टेस्ट करू नये, आधी वाळू द्यावं.

के टेस्ट म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं साधारण दहा टक्क्यांचं द्रावण. कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट, लहान मुलं घरात असतील तर ठेवूच नका. पी टेस्टचं पॅराफिनिलीनडायअमाइन तर हौशी लोकांनी हातच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केसांच्या काळ्या डायमध्ये असतं तेच हे, अनेकांना त्याची जोरदार ॲलर्जी येते. आणि ब्लीच दुसर्‍या कशातही मिसळू नका, ॲसिडमध्ये तर मुळीच नाही, विषारी वायू निघतो.

शेवटचं. लाल रंग आला म्हणजे लेकॅनोरिकच असं नाही, गायरोफोरिक आम्लही ब्लीचने लाल होतं. नक्की कोणतं ते कळायला थिन लेयर क्रोमॅटोग्राफी लागते. तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून तो अर्क प्लेटवर ठिपक्यासारखा लावायचा, टोल्युइन, डायऑक्सेन आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात प्लेट उभी करायची, मग सौम्य सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवायची. कोणता ठिपका किती वर चढला आणि तापल्यावर काय रंगाचा झाला त्यावरून आम्ल ओळखतात. 1970 मध्ये कल्बरसन आणि क्रिस्टिन्सन यांनी ही पद्धत ठाकठीक करून दिली आणि जगभर सगळे तीच वापरू लागले.

घाटमाथा

वरच्या प्रतिसादाला +१. आणि टिंक्टोरमचा विषय निघालाच आहे तर ज्यांना घाटात फिरताना ओळखायला शिकायचंय त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.

टिंक्टोरम म्हणजे मोठं, हाताच्या पंजापेक्षाही मोठं होतं, पाळ्या चांगल्या रुंद, कडेला केस नाहीत आणि मधल्या भागावर बारीक खुंट्यांची दाटी, त्यांना इसिडिया म्हणतात. बोटाने हळूच घासलं की खरखर लागते. सोरेडिया असतील तर बोटाला भुकटी लागते. हा पहिला फाटा, खुंट्या की भुकटी. दुसरा फाटा, कडेला केस आहेत की नाहीत. खुंट्या आहेत आणि केसही आहेत तर ते टिंक्टोरम नाही, क्रिनिटमकडे बघा, त्याचा आतला थर ब्लीचने लाल होत नाही. भुकटी आणि केस असले तर परलाटम किंवा रेटिक्युलेटम. मग भिंग घेऊन वरची पाठ बघायची. रेटिक्युलेटमवर पांढर्‍या बारीक रेषांचं जाळं असतं आणि जुन्या भागात त्या रेषांवरच भेगा पडतात. एकदा ते जाळं डोळ्यात बसलं की मग लांबूनही शंका येते. परलाटमला ते जाळं नसतं.

भुकटी आहे आणि केस नाहीत, तिथे आपली धागाकर्ती अडकली आहे. आणि तिथे अडकणं रास्तच आहे, कारण ती जागाच अवघड.

फोटो काढताना एवढं करा, पूर्ण थॅलसचा एक, कडेचा जवळून एक, मधल्या भागाचा एक आणि उलटं करून एक. कोरडं असताना काढा, ओलं झालं की ते हिरवट दिसतं आणि सगळं जाळंबिळं लपतं.

ठाण्याचा_बाळ्या

आम्हा शहरवाल्यांना पार्मोट्रेमा कुठे मिळणार. सोसायटीतल्या आंब्याच्या खोडावर चिकटलेले पांढरट चट्टे, एवढंच आमच्या नशिबी. ते काय असतं?

घाटमाथा

@ठाण्याचा_बाळ्या, नशीब वाईट नाही तुमचं. आंब्यावर बहुतेक पिक्सिन किंवा डिरिनारिया असणार आणि ती जोडीसुद्धा लोक सर्रास एकमेकांत घालतात. दोन्ही खोडाला घट्ट चिकटलेली, राखाडी, अरुंद पाळ्यांची. एक तुकडा सालीसकट हळूच उचलून खाली बघा, मुळांसारखे दिसणारे बारीक काळे धागे, म्हणजे रायझाइन दिसली तर पिक्सिन, काहीच नसेल तर डिरिनारिया. आणि तुमच्याकडे नोटा तपासायचा अतिनील टॉर्च असेल तर रात्री खोडावर मारा. पिक्सिन कोकोस पिवळंधमक चमकतं, त्याच्या सालीत लायकेक्झँथोन नावाचं रसायन असतं म्हणून. डिरिनारिया तसं पिवळं चमकत नाही. फक्त टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

ठाण्याचा_बाळ्या

काका!! आत्ता खाली जाऊन आलो. चमकतंय! अख्खं खोड ठिपक्याठिपक्यांनी पिवळं. वॉचमनकाकांनी काय शोधताय म्हणून विचारलं, त्यांनाही दाखवलं, तेही अर्धा तास तिथेच थांबले. आता उद्या नारळावर.

एक_भटक्या

बाळ्या, नारळाचा रिपोर्ट टाक नक्की.

तर्कट

हे सगळं छान चाललंय आणि टॉर्च मीही घेणार आहे. पण मूळ मुद्दा सोडू नका. डीएनएच्या जमान्यात हे थेंब आणि खुंट्या कशाला? तुकडा पाठवा लॅबला, उत्तर येईल.

हर्बेरियमवाली

डीएनएने कामं खूप सोपी केली, खोटं कशाला बोलू. बुरशीत डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचतात आणि जुळवतात. पण जुळवायचं कशाशी? ज्या नमुन्यांची ओळख आधीच पक्की आहे अशांशी. ती ओळख कोणीतरी भिंग, थेंब आणि क्रोमॅटोग्राफी करूनच पक्की केलेली असते. उलट डीएनएने आमचा ताप वाढवलाही. वर घाटमाथांनी ज्या रेटिक्युलेटमचं जाळं सांगितलं, त्यावर 2005 मध्ये डीएनएचं काम झालं तेव्हा लक्षात आलं की ज्याला आपण एकच रेटिक्युलेटम म्हणत होतो त्यात एकाहून जास्त वंश लपलेले आहेत. म्हणजे तर्कटराव, तिथे फोडणारे आम्ही नव्हतो, निसर्गानेच आधी फोडून ठेवलं होतं.

आणि याच्या उलटही होतं. जर्मनीत योसेफ पोएल्ट यांनी 1970 च्या सुमारास जोडजातींची कल्पना मांडली होती. दोन लायकेन बाकी सगळं सारखं, फक्त एकाला वाटीसारखी अपोथेशिया येऊन बीजाणू होतात आणि दुसरं सोरेडिया किंवा इसिडिया टाकून वाढतं. म्हणून दोन नावं. डीएनए आल्यावर अशा कित्येक जोड्या एकच निघाल्या, काही मात्र खरंच वेगळ्या निघाल्या.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. आपल्याकडे हे काम लखनौच्या धरणीधर अवस्थींनी उभं केलं, त्यांनी केलेल्या ओळखतालिका घेऊन आजही मुलं फिरतात. पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजे आताची आघारकर संस्था, तिथे पटवर्धन सरांनी आणि पुढे उर्मिला माखिजांनी पश्चिम घाटातली लायकेन गोळा करून, एकेक तपासून ठेवली. ती पाकिटं आहेत म्हणून आज कोणी डीएनए काढला तर त्याला 'हे कशाशी जुळवू' हा प्रश्न पडत नाही. हे काम दिसत नाही, त्यावर बातम्या येत नाहीत, पण त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. नव्या मुलांनी यात यावं असं मला फार मनापासून वाटतं.

करवंदीची_जाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. तुकडे कागदाच्या पाकिटात ठेवले होते, आज उलटे करून दिवसाउजेडी भिंगाने बघितले.

लाल झालं होतं ते : खालून मध्ये काळं, कडेला बोटभर मोकळा पट्टा, त्यात तपकिरीवर पांढरट डाग, रायझाइन कडेपर्यंत येत नाहीत. पाळ्या पातळ, हातात घेतलं तर सहज वाकतात.

न झालेलं : फांदीला घट्ट धरून होतं, सालीसकट काढावं लागलं होतं. पाळ्या जवळजवळ निम्म्या रुंदीच्या, खालची कड सरसकट तपकिरी, पांढरं काही नाही. आणि सोरेडिया खरंच कडेला वाकड्या पट्ट्यांत आहेत, पहिल्याच्या कडेला मात्र ती सलग पसरलेली. ब्लीच पण नव्या बाटलीतलं घेऊन पुन्हा लावलं, आधी टिंक्टोरमवर तपासून. तेच उत्तर.

@तर्कट, मला आता ही दोन वेगळी वाटतात. थेंबामुळे नाही, पाच-सहा गोष्टी एकदमच बदलतायत म्हणून.

तर्कट

एका फांदीवरचा एकेक तुकडा म्हणजे फार नमुने नाहीत. पण हरकत नाही, या जोडीपुरता मी माघार घेतो. क्लॅडोनिया आणि ब्रायोरियाच्या बाबतीत माझं म्हणणं कायम.

हर्बेरियमवाली

@करवंदीची_जाळी, वर्णन उत्तम केलंयत, दोन्ही ओळखी मला पटतात. दुसर्‍यासाठी क्रोमॅटोग्राफी करून मेदाम्लांची खात्री करायला हवी, कारण 'काहीच रंग आला नाही' ही नकाराची ओळख आहे आणि त्यावर पाकीट बंद करू नये. तोवर नावापुढे 'बहुधा' लिहा. जिथे ठरत नाही तिथे नुसतं पार्मोट्रेमा लिहून थांबलं तरी त्यात कमीपणा काही नाही, चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं.

पाकिटावर जागा, अंदाजे उंची, झाड कोणतं, तारीख आणि 'पडलेल्या फांदीवरून' हे नक्की लिहा. आणि बाकीच्यांना सांगते, हे वाचून कोणी खोडं खरवडायला निघू नका. ही वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, तळहाताएवढं लायकेन व्हायला कैक वर्षं लागतात. पडलेल्या फांद्या पावसाळ्यात घाटात हव्या तेवढ्या मिळतात, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

सुगरण_सासवड

मी आज पाकीट वर्तमानपत्रावर पसरून बसले. रुंद एका बाजूला, केसाळ पट्ट्या एका बाजूला. केसाळ पट्ट्यांतही दोन प्रकार आहेत का हो? मला काही जास्त रुंद वाटतायत.

हर्बेरियमवाली

@सुगरण_सासवड, असू शकतात, आणि विचारलंत ते फार बरं झालं! त्यात सिर्‍हाटम आणि नेपालेन्स या दोन जाती बाजारात मिसळून येतात. आता दोघींनाही हायपोट्रॅकिना या वंशात टाकलंय पण जुनं एव्हर्निॲस्ट्रम हेच नाव लोकांच्या तोंडी आहे. नुसत्या रुंदीवर जाऊ नका, ती वाढीप्रमाणे बदलते. सिर्‍हाटममध्ये सॅलॅझिनिक आम्ल असतं, आतल्या थरावर पोटॅशचा थेंब टाकला की आधी पिवळा, मग हळूहळू रक्तासारखा लाल होतो. नेपालेन्सच्या आतल्या थराला काहीच होत नाही. पोटॅश घरी आणू नका, दोन-चार पट्ट्या पाकिटात घालून ठेवा, पुण्याला आलात की माझ्याकडे बघू.

सुगरण_सासवड

पुढच्या महिन्यात भाचीकडे येणारच आहे. पट्ट्या बाजूला काढून ठेवते, बाकीच्याचा मसाला उद्या करते.

ठाण्याचा_बाळ्या

नारळाचा रिपोर्ट : एका बाजूला पिवळं चमकतंय, दुसर्‍या बाजूच्या चट्ट्याला काहीच नाही. खाली रायझाइन नाहीत. म्हणजे डिरिनारिया ना? पण डिरिनारियातलं कोणतं ते कसं कळणार?

घाटमाथा

डिरिनारियाच. पाळ्या सपाट, पंख्यासारख्या पसरत एकमेकींत मिसळलेल्या असतील तर अप्लानाटा, सुट्या सुट्या आणि फुगीर असतील तर पिक्टा. सोरेडिया दोघांनाही असतात. कडेचा जवळून फोटो टाका, कोरडं असताना काढलेला.